हरभऱ्याएवढे तुकडे

आंधळगावात धनीरामच्या दोन ओळखी होत्या. तीन एकर धानाच्या बांध्या कसणारा शेतकरी ही एक. पण तसं तर अर्धं गाव होतं, त्यामुळं ती ओळख कोणी सांगत बसत नसे. दुसरी ओळख त्याच्या मागच्या सपरीतली. कवेलूंच्या छपराखालच्या त्या ओसरीत भिंतीवर रंधे, पटाश्या, करवती ओळीनं टांगलेल्या असत, आणि शेतातून आलेला धनीराम हातपाय धुऊन पहिल्यांदा तिकडं जाई, मग जेवायला. सुतारकी त्याच्या घराण्यात नव्हती. पण लाकडाचा नाद लागला तो लागलाच. तान्ह्या पोळ्याला पोरं जे लाकडी नंदीबैल ओढतात, ते आंधळगावात बहुतेक धनीरामच्या हातचे. बैलाचा चेहरा असा उतरायचा, की म्हातारी माणसंही हातात घेऊन म्हणत, "हा तं आपल्या वासुदेवरावाचा ढवळ्या!"

सत्तर-बाहत्तरच्या सुमारास घरात वीज आली, तेव्हा त्यानं तुमसरच्या एका बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीतली लहान मोटर आणली आणि स्वतःच्या हातानं एक मेज बांधलं. मेजाच्या मधोमध फट, फटीतून वर आलेलं गोल दातेरी पातं, खाली पट्ट्यावर फिरणारी मोटर. घरात सगळे त्या यंत्राला नुसतं 'चकरी' म्हणत. बायकोला, चंद्रभागाबाईला, चकरीचं काम एवढंच ठाऊक, की नवरा हाक मारील तेव्हा खटका दाबायचा आणि संध्याकाळी भुसा झाडून काढायचा.

एक्याऐंशी सालच्या मार्गशीर्षात चुरण्याचे दिवस होते. खळ्यात धानाच्या पेंढ्यांवर बैल फिरत होते आणि धनीराम त्यांच्या मागं चालत होता. चालता चालता उजवा पाय कोणीतरी ओढल्यासारखा झाला. त्यानं धाकट्या भावाला, श्रावणला हाक मारायला तोंड उघडलं, पण तोंडातून नाव आलं नाही. मग खळं वाकडं झालं, आभाळ वाकडं झालं, आणि गालाला धानाचं तूस लागलं. एवढंच त्याला आठवत होतं.

भंडाऱ्याच्या दवाखान्यात तो अठरा दिवस होता. जीव वाचला. पाय ओढत का होईना, चालू लागला. उजवा हात मात्र परक्या माणसाचा असल्यासारखा बाजूला लोंबत राहिला. आणि वाचा गेली. गेली म्हणजे पूर्ण नाही. साऱ्या भाषेतून एकच शब्द मागं उरला. तो शब्द 'हाव', म्हणजे होकार.

डोक्यात सगळं लख्ख होतं. भाऊ, बैल, पाणी, मीठ, सगळ्यांची नावं आत रांगेनं उभी होती. पण दाराशी येताच प्रत्येक शब्द 'हाव' होऊन बाहेर पडे.

"चाय देऊ का जी?" चंद्रभागा विचारी.

"हाव."

"का जेवाले वाढू?"

"हाव."

"मंग चाय नोको?"

"हाव," असं म्हणून धनीराम स्वतःच डोळे मिटून घेई.

श्रावण हसवायचा प्रयत्न करी. "वयनी, आता मी दादाले म्हनतो, तुही बैलजोडी मले देऊन टाक. पाहा, तरी हावच म्हनन!" ते ऐकून धनीरामलाही हसू येई, पण हसताना तोंड एका बाजूला जाई. ते त्याच्या ध्यानात आलं तशी त्यानं हसणंही कमी केलं.

भंडाऱ्याचा डॉक्टर तरुण होता, पण समजावून सांगणारा. सुट्टी देताना तो चंद्रभागेला म्हणाला होता, "बाई, हाताला काम दिलं नाही तर हात विसरून जातो. रोज लहान लहान वस्तू उचलायला लावा. आधी मोठ्या, मग त्याहून लहान, मग अगदी दाण्याएवढ्या. बोटांना कडा, कोपरे लागले पाहिजेत. घाई करू नका. सहा महिने, वर्ष लागेल. पण सोडू नका."

चंद्रभागेनं ते वचन घेतल्यासारखं मनावर घेतलं. तिनं बटाटे मांडले, चिंचोके मांडले, वाल मांडले. बटाटे घरंगळून खाटेखाली जात आणि चिंचोके निसटत. बावन्न वर्षांचा बाप्या माणूस, लेकीचं लग्न करून बसलेला, परातीतले वाल निवडतोय, हे धनीरामला सहन होईना. पाचव्या दिवशी त्यानं डाव्या हातानं परात भिरकावली. वाल आंगणभर झाले. चंद्रभागा परात घेऊन खाली बसली. वाल वेचत वेचत ती सपरीपर्यंत गेली आणि तिथं मेजाखाली पडलेला एक लाकडाचा तुकडा तिनं सहज उचलून आणला. बिजाच्या लाकडाचा, साबणाच्या वडीएवढा. तो तिनं त्याच्या उजव्या तळहातावर ठेवला.

धनीरामला वाटलं, आपण झोपेतून जागे होतोय. लाकूड ओळखीचं होतं. थंड नाही, गरम नाही, एका अंगानं गुळगुळीत आणि कापल्या अंगानं खरखरीत. त्याचा अंगठा हलला. केसभर हलला, पण रेषेच्या दिशेनं हलला, जसा रंधा मारल्यावर आयुष्यभर हलत आला होता.

दोघांनीही ते पाहिलं.

"लाकूडच पायजे तुमाले," चंद्रभागा म्हणाली. "तेच म्हनलं, हा मानूस वालाले कायले हात लावन!"

मग प्रश्न आला तुकड्यांचा. मोठे चार-दोन सपरीत सापडले. पण डॉक्टरनं सांगितलेले लहान, त्याहून लहान, सरळ कडांचे, कुठून आणायचे? श्रावणला तिनं गळ घातली. त्यानं कुऱ्हाडीनं फोडून काही ढलप्या आणल्या; त्यातली एक धनीरामच्या बोटातच घुसली. "वयनी, मी बैल हाकलनारा मानूस," श्रावण हात जोडून म्हणाला. "ते चकरी मले नाई जमत. तिचा आवाज आला का मी बैलाच्या मांगं लपतो."

चंद्रभागेनं मोठी करवत घेऊन पाहिली. एका हातानं तुकडा दाबायचा आणि दुसऱ्यानं करवत ओढायची, तर तुकडा बेडकासारखा उडे. मग एका सकाळी, धनीरामला सपरीतल्या खाटेवर बसवून, ती चकरीजवळ गेली. दहा वर्षं नवऱ्याला चकरीवर पाहिलं होतं. खटका कुठं आहे ते माहीत होतं. त्यात काय मोठंसं, असं तिला वाटलं असावं.

धनीरामनं पाहिलं, की तिनं बोटाएवढा एक आखूड तुकडा घेतला आहे. पात्याशेजारच्या आडपट्टीला तो टेकवून, दोन बोटांनी धरून, ती तो पात्याकडं सरकवायला निघाली आहे. बांगड्या मनगटावर खुळखुळत होत्या. पदर सुटा होता. तिनं खटका दाबला. पातं गरगरलं.

नको, असं त्याला ओरडायचं होतं. असा तुकडा असा धरायचा नसतो. तो पातं आणि पट्टी यांच्यामध्ये अडकेल आणि गोफणीतल्या दगडासारखा येईल, आणि तुझी बोटं पात्यापासून चार जवाएवढीही दूर नाहीत. एवढं सगळं त्याच्या छातीतून उठलं आणि तोंडातून बाहेर आलं ते, "हाव! हाव! हाव!"

चंद्रभागेनं मान वळवून त्याच्याकडं पाहिलं आणि समाधानानं हसली. "बरोबर आहे ना जी? हाव ना?"

"हाव!" धनीराम किंचाळला. जन्मात त्यानं कोणाला इतक्या जिवाच्या आकांतानं 'नाही' म्हटलं नव्हतं.

ती पुन्हा मेजाकडं वळली. तेव्हा धनीरामनं उरलेल्या अर्ध्या अंगाचं बळ एकवटलं आणि स्वतःला खाटेवरून खाली झोकून दिलं.

धप्पकन आवाज झाला. चंद्रभागा दचकून मागं सरली, बोटं सुटली, आणि त्याच क्षणी ठाप्पकन तो तुकडा उडाला. तिच्या कानाजवळून तो गेला आणि मागच्या भिंतीवरच्या आरशाच्या ठिकऱ्या झाल्या. ती मात्र आरशाकडं न पाहता नवऱ्याकडं धावली. चकरी मागं तशीच गरगरत राहिली.

जमिनीवर पडलेल्या धनीरामच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि डाव्या हातानं त्यानं तिचा उजवा हात घट्ट धरला होता. बोट न् बोट चाचपून पाहत होता. चंद्रभागेनं आधी आरशाकडं, मग मेजाकडं, मग त्याच्या तोंडाकडं पाहिलं. आणि तिच्या ध्यानात आलं.

"तुमी नाई म्हनून राहिले होते," ती हळूच म्हणाली. "अरे देवा, तुमी मले नाई म्हनून राहिले होते, अन् मी हाव समजली."

शब्दांचा भरवसा नाही हे त्या दिवशी पक्कं झालं. तेव्हापासून चंद्रभागा त्याचं तोंड ऐकेनाशी झाली आणि डोळे पाहू लागली. खरा 'हाव' असला की डोळे निवांत असत. खोटा असला की भुवया वर चढत. शिवाय खाटेजवळ तिनं एक जुनं घमेलं पालथं घातलं आणि त्याच्या डाव्या हातात काठी दिली. "घमेल्यावर काठी वाजली का मी थांबन. मंग जग बुडो."

श्रावणनं भाबडेपणानं सुचवलं, की चकरी विकून टाकावी. धनीरामच्या भुवया अशा चढल्या, की तो विषय तिथंच संपला.

दुसऱ्या दिवसापासून धनीरामनं शिकवायला घेतलं. पहिलं काम त्यानं खुणेनं करायला लावलं ते मोटरीवरचा पट्टाच काढायचं. मेलेल्या पात्यावर आठ दिवस सराव. मग त्यानं स्वतःचा निर्जीव उजवा हात डाव्या हातानं उचलला, मेजावर पात्याशेजारी ठेवला, मान जोरानं हलवली, आणि तो हात ओढत ओढत पात्यापासून वीतभर दूर नेला. तिथं खडूनं रेघ मारली. चंद्रभागेला सांगावं लागलं नाही. या रेघेच्या आत माणसाचा हात नाही, काही झालं तरी नाही. तो लोळागोळा हात तिथं पडलेला पाहताना ती रेघ तिच्या मनात कायमची उमटली.

पण एवढ्याशा तुकड्याला वीतभर दुरून धरायचं कसं? दोन दिवस ती कोड्यात होती. धनीराम एक लांब पट्टी तिच्याकडं सरकवी, ती त्यातून आखूड तुकडा तोडून घ्यायला जाई, आणि घमेलं वाजे. पुन्हा पट्टी, पुन्हा घमेलं. शेवटी ती वैतागून स्वयंपाकघरात निघून गेली आणि पावशी मांडून वांगी चिरायला बसली. तिसरं वांगं चिरताना ती थांबली. तशीच हातात वांगं घेऊन सपरीत आली.

"देठ!" ती म्हणाली. "देठ हातात धरून आपन टोकापासून चिरत येतो. वांगं लहान होते, पन हात देठापाशीच राह्यते. लाकूड लांबच ठेवाचं ना जी? हातभर लांब. टोकावरून कापत जाचं. अन् देठ उरला का सोडून द्याचा, त्याचा लोभ नाई कराचा."

धनीरामचे डोळे निवळले. "हाव," तो म्हणाला, आणि हा अगदी अस्सल हाव होता.

मग एकेक गोष्ट जमत गेली. ज्या आडपट्टीपाशी तुकडा अडकला होता ती त्यानं पेच काढून बाजूला ठेवायला लावली. मापासाठी एक ठोकळा मेजाला पक्का बसवला, पण पात्याच्या बराच अलीकडं. पट्टीचं टोक ठोकळ्याला टेकवून माप घ्यायचं, मग पट्टी पुढं न्यायची. म्हणजे कापलेल्या तुकड्याला बाजूनं काही दाबत नाही आणि तो उडत नाही, नुसता शेजारी निजतो. नंदीबैलांच्या शिंगांसाठी धनीरामनं पूर्वी एक सरकता पाट केला होता. खालच्या दोन पट्ट्या मेजाच्या खाचांत बसत आणि पाट पट्टीला घेऊन सरळ पुढं जाई. पाटातली फट पात्याएवढीच बारीक, त्यामुळं लहान तुकडा खाली पडायला जागाच नव्हती. तो पाट फळीवरून काढून चंद्रभागेनं पुसला. कापला जाणारा तुकडा दाबून धरायला एक काठी केली आणि तिच्या टोकाला सायकलच्या ट्यूबचा रबर गुंडाळला. बोटांऐवजी काठी. काठी कापली गेली तर दुसरी करता येते.

पदर तिनं कमरेला खोचला. श्रावणनं तुमसरच्या बाजारातून मोटरसायकलवाल्यांचा धुळीचा चष्मा आणला. तो लावून ती उभी राहिली तेव्हा श्रावण हसून हसून खाली बसला. राहिल्या बांगड्या. धनीरामनं तिच्या मनगटाकडं बोट दाखवलं आणि काढायची खूण केली.

चंद्रभागेचा चेहरा उतरला. "हे नोका मांगू," ती म्हणाली. "तुमी खाटेवर असताना मी हातातल्या बांगड्या काढू? गावच्या बाया काय म्हनतीन? मलेच कसं वाटन?"

धनीरामला तिचं म्हणणं कळत होतं. पण वाऱ्याच्या वेगानं फिरणाऱ्या दात्यांना सौभाग्य कळत नाही, हेही त्याला ठाऊक होतं. काठी घमेल्यावर पडली, एकदा, दोनदा. मग चंद्रभागेनं बांगड्या एकेक करून कोपराच्या वर चढवल्या, त्यावर जुन्या लुगड्याची चिंधी घट्ट गुंडाळली आणि गाठ दातांनी ओढली. "काढल्या बी नाई अन् मनगटावर बी नाई. आता?"

धनीराम हसला. तोंड वाकडं होतं हे त्या वेळी त्याच्या ध्यानातही आलं नाही.

मग पट्टा चढवला. पातं त्यानं लाकडाच्या जाडीपेक्षा जरासंच वर ठेवायला लावलं. खटका दाबला गेला, पाट सरकला, काठी टेकली, आणि काडेपेटीएवढा पहिला तुकडा पाटावर निजला. खटका बंद. पण पातं अजून फिरत होतं आणि तिचा हात तुकड्याकडं निघाला, तसं घमेलं वाजलं. पातं पूर्ण थांबेपर्यंत उचलायचं नाही. त्यासाठी तिनं शाळेतल्या पोरीसारखे दोन्ही हात पाठीमागं धरायची सवय लावून घेतली. पुढं पुढं ती स्वयंपाकघरात दूध उतू जाताना पाहत असली, तरी हात पाठीमागं जात.

माघ गेला, फाल्गुन गेला. साबणाच्या वडीएवढे, काडेपेटीएवढे, सुपारीएवढे तुकडे झाले. प्रत्येकाच्या कडा चंद्रभागा पॉलिश पेपरनं घासून मऊ करी. धनीराम सकाळी उन्हाला बसे आणि उजव्या हातानं एका टोपल्यातून दुसऱ्या टोपल्यात तुकडे नेई. काही दिवस दहा जात. काही दिवस एकही उचलला जात नसे, आणि तो मान खाली घालून बसे. तेव्हा ती शेजारी बसून नुसता एखादा तुकडा हातात घेई आणि म्हणे, "हा पाहा, कसा गुन्यात आला, चारी कोपरे सरळ. कोनी म्हनन का बाईनं कापला म्हनून?" त्याला ते पाहावंच लागे. आणि पाहिलं की हात लावावासा वाटे.

चैत्रात हरभऱ्याएवढ्या तुकड्यांची वेळ आली. इथं धनीरामनं पुन्हा पट्टा काढायला लावला. लाकडाचा एक लहान खोबणीचा साचा त्यानं तिच्याकडून करून घेतला. त्यात बारीक पट्टी बसवायची आणि बारीक दात्यांच्या करवतीनं हातानंच कापायचं. चकरीवर एवढं लहान कापायचंच नाही, असा त्याचा हट्ट.

पण हातानं कापायला वेळ लागे, आणि चंद्रभागेला तोवर चकरीची धिटाई आली होती. एके दिवशी तिनं हातकरवत बाजूला ठेवली आणि पट्टा चढवला. "पाट आहे, काठी आहे. घडीभरात शंभर होतीन. उगीच दिवस कायले घालवाचा?"

धनीराम दारात उभा होता. काठी खाटेजवळ राहिली होती आणि घमेलं लांब होतं. त्यानं पाहिलं, की पट्टी बोटभरच उरली आहे, देठ संपला आहे, आणि तिच्या हातातल्या रबराच्या काठीखाली तो एवढासा तुकडा दिसतसुद्धा नाही. तिचं बोट खटक्याकडं गेलं.

"थांब!"

चंद्रभागा थांबली. पण ती धोक्यानं थांबली नव्हती. ती आवाजानं थांबली होती. चार महिन्यांत त्या घरात तो शब्द, त्या आवाजात, कोणी ऐकला नव्हता. तिनं सावकाश चष्मा वर केला आणि वळली.

"काय म्हनले तुमी?"

धनीराम स्वतःच भांबावून उभा होता. ओठ हलवून पाहत होता, जणू एखादं पाखरू चुकून हातावर बसलं आहे आणि हललं तर उडेल. "थांब," तो पुन्हा म्हणाला. जरा बोबडं आलं, पण आलं.

चंद्रभागा मेजाला धरून खाली बसली आणि पोटभर रडली. मग उठली, पट्टा काढून खुंटीला टांगला, आणि गूळ-खोबरं घेऊन शेजारीपाजारी निघाली. सुलोचनाबाईनं शेजारच्या दारातून विचारलं, "कायचा गूळ वो, चंद्रभागाबाई?"

"हे बोलले!"

"काय बोलले?"

"थांब म्हनले मले!"

सुलोचनाबाईला काही उमगेना. "आमचे तं रोज म्हनतात," ती म्हणाली. पण तिनंही गूळ घेतला आणि डोळे पुसले.

त्यानंतर शब्द येऊ लागले, सावकाश, आपल्या मर्जीनं. 'पानी' आलं, 'श्रावण' आलं, 'मीठ' आलं. काही कधीच आले नाहीत. हाताचंही तसंच. रंधा दाबण्याचं बळ परत आलं नाही. पण आषाढात धनीरामनं हरभऱ्याएवढा तुकडा अंगठा आणि तर्जनीत धरून उचलला, आणि त्याच आठवड्यात सदऱ्याची गुंडी स्वतः लावली. डॉक्टरला ते दाखवायला दोघं भंडाऱ्याला गेले. डॉक्टरनं टोपलीतले तुकडे हातात घेतले, उलटसुलट पाहिले. "बाई, हे सगळे तुम्ही कापले? यंत्रावर?" त्यानं चंद्रभागेचे हात पाहायला मागितले. ती लाजली, पण तिनं दाखवले. त्यावर एकही वण नव्हता.

त्या डॉक्टरनंच चौऱ्याऐंशी साली एक चिठ्ठी पाठवली. नाकाडोंगरीचा बाबूलाल नावाचा माणूस, खाणीत कामाला होता, त्याला असाच झटका आला आहे. घरी तोंड फिरवून पडून राहतो. तुमच्यासारखा तुकड्यांचा संच करून द्याल का? चिठ्ठी श्रावणनं वाचून दाखवली. चंद्रभागा उठून बांगड्या कोपरावर चढवायला लागली.

संच तयार झाल्यावर तो पोस्टानं पाठवायचं धनीरामच्या मनात नव्हतं. "जाऊ," तो म्हणाला. मोहाडीवरून तुमसर, तिथून दुसऱ्या यष्टीनं नाकाडोंगरी. कापडी पिशवी मांडीवर घेऊन तो खिडकीशी बसला होता, आणि बाहेर जंगल सुरू झालं तशी सागाची, बिजाची, मोहाची झाडं ओळखून बोटानं तिला दाखवत होता.

बाबूलाल खरंच भिंतीकडं तोंड करून निजला होता. त्याची बायको केशरबाई दारात उभी राहून सांगू लागली, "कोनाशीच बोलत नाहीत. काही उचलाले दिलं का फेकून देतात."

"फेकू द्या," चंद्रभागा म्हणाली. "आमचे बी फेकत होते."

धनीराम खाटेच्या कडेवर बसला. पिशवीतला सर्वांत मोठा तुकडा त्यानं आपल्या उजव्या हातानं, जरा थरथरतच, उचलला आणि बाबूलालच्या उघड्या तळहातावर ठेवला. बाबूलालनं तोंड इकडं फिरवलं नाही. पण त्यानं तो फेकलाही नाही. थोड्या वेळानं त्यानं मान वळवून धनीरामच्या वाकड्या तोंडाकडं पाहिलं, मग त्याच्या हाताकडं पाहिलं. धनीरामनं त्याच्यासमोर सदऱ्याची गुंडी काढली आणि पुन्हा लावली. बाबूलालची बोटं तुकड्याभोवती किंचित मिटली.

केशरबाईनं तोंडाला पदर लावला. मग पिशवीतले तुकडे पाहत म्हणाली, "एवढे बारीक! हे कोनी कापले जी? कोनता सुतार?"

धनीरामला खूप काही सांगायचं होतं. ही बाई दोन वर्षं माझा हात झाली, हे सांगायचं होतं. मी शिकवलं असं लोक म्हणतात, पण मुकं माणूस काय शिकवणार, हिनं माझ्या डोळ्यांतून उचललं. आणि रोज सकाळी ती भाकर थापते तेव्हा मी तिचे हात पाहत बसतो, तेही सांगायचं होतं. पण एवढे शब्द त्याच्यापाशी नव्हते. त्यानं चंद्रभागेचे दोन्ही हात धरले, परक्या घरात, परक्या माणसांसमोर, आणि एकेका बोटाला हात लावत मोजायला सुरुवात केली.

"एक. दोन. तीन."

चंद्रभागा हात ओढून घ्यायला गेली, पण त्यानं सोडले नाहीत.

"सात. आठ. नऊ. दहा." आणि मान वर करून केशरबाईकडं पाहत तो म्हणाला, "हिनं."

परतीच्या यष्टीत चंद्रभागा त्याला रागावत राहिली. लोकांपुढं असं हात धरतात का, ती केशरबाई काय म्हणत असेल, उभ्या जन्मात कधी केलं नाही ते आता. धनीराम ऐकत होता. तुमसरला गाडी बदलायला वेळ होता, तेव्हा त्यानं थांब्यावरच्या टपरीवर जाऊन, सरळ शब्दांत, "दोन चाय" असं मागितलं आणि एक कप उजव्या हातानं तिच्यापुढं आणला. अर्धा बशीत सांडला होता. चंद्रभागेनं बोलणं थांबवलं, बशीतला चहा कपात ओतून घेतला, आणि त्याच्या शेजारी बाकावर सरकून बसली.